मास्तरांनी टाकलेला शब्द

हेलिकॉप्टरमध्ये शेजारी बसले की मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. बाकीचे प्रशिक्षक नवख्यांच्या भरवशावर राहत नसत. त्यांचे हात सतत हेलिकॉप्टर वळवायच्या दांड्याजवळ असत, आणि त्यात गैर काही नव्हतं. जमिनीपासून दहा फुटांवर एका जागी तरंगत राहणं हा शिकण्यातला सगळ्यात वैतागाचा भाग. पहिले काही दिवस माझं हेलिकॉप्टर दाव्याला बांधलेल्या गुरासारखं हिसके द्यायचं. मास्तर समोर बघत म्हणायचे, "पडायला लागलीस तर मी आहे. तोवर तुझं तू बघ."

हवाई दलात त्यांना सगळे पाठीमागे 'मास्टरजी' म्हणत. माझ्या मनात ते 'मास्तर' झाले, कारण ते निर्मळचे आणि मी आचोळ्याची. तालुका एकच; पण त्यांच्या घरी केळीची वाडी, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. "रेल्वेच्या पलीकडची ना तू? तिकडे मोकळी जागा उरलीय का आता?" एवढीच त्यांनी माझी चौकशी केली. माझं चुकलं की मात्र मराठीत रागवायचे, बाकीच्यांना कळू नये म्हणून.

खरं तर त्यांना शिकवायचं नव्हतंच. तीन वर्षांपुरते म्हणून ते प्रशिक्षक झाले. मग डोंगरातल्या युनिटमध्ये परत जायचं होतं. पण ते इतकं चांगलं शिकवत, की तिथून सुटका झाल्यावरही त्यांना दोनदा परत बोलावलं. बरोबरीचे अधिकारी बर्फात उतरत होते, पुढे स्वतःची युनिटं चालवत होते. मास्तर त्याच सपाट मैदानावर एकेकाला तरंगायला शिकवत राहिले. बढतीची वेळ आली तेव्हा युनिट चालवल्याचा अनुभव नाही म्हणून नाव मागे पडलं. "माझ्या अहवालात इतकं कौतुक आहे, की त्याखालीच मी दबलो," ते एकदा म्हणाले. हसले नाहीत.

बढतीच्या यादीत तिसऱ्यांदा त्यांचं नाव आलं नाही, त्या सकाळी माझं उड्डाण त्यांच्याबरोबर होतं. मी नीट उतरवत होते, तेवढ्यात त्यांनी एकदम दांडा हातात घेतला. खाली आल्यावर माझ्या नोंदवहीत लिहिलं, 'आजचं उड्डाण धरू नये. प्रशिक्षकाचं लक्ष नव्हतं.' खाली सही.

"सर, असं कोणी लिहीत नाही," मी म्हटलं.

"मग काय तुझ्या नावावर लिहू?"

काही वर्षांनी ते निवृत्त होऊन निर्मळला आले. मी तेव्हा डोंगरातल्या बदलीची वाट बघत होते, आणि हातात पडला प्रशिक्षक होण्याच्या कोर्सचा हुकूम. सुट्टीत स्कूटर काढून मी त्यांच्याकडे गेले. ते केळीची सुकलेली पानं कापत होते. शिकवणं किती मोठं काम आहे हे ते समजावतील, अशी मनाची तयारी करून मी गेले होते.

त्यांनी एवढंच विचारलं, "डोंगरात जायचंय?"

"हो, सर."

हात धुऊन ते आत गेले आणि दिल्लीतल्या एका बड्या अधिकाऱ्याला फोन लावला. तो अधिकारी त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. मास्तर त्याला 'सर' म्हणत होते. आंटी, म्हणजे त्यांची बायको, चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, "स्वतःसाठी यांनी कधी कोणाला एक फोन नाही केला गं."

निघताना मास्तर फाटकापर्यंत आले. "तुझ्या जागी कोणीतरी जाणार आहे. तो चांगला असला तर ठीक. नाहीतर पोरांचं काही खरं नाही," म्हणाले आणि परत वाडीत गेले.

माझा हुकूम बदलला. मास्तर गेले तेव्हा मी डोंगरातच होते. हवा बिघडलेली, खाली उतरता आलं नाही. चर्चमधल्या अंत्यविधीच्या मिस्सालाही पोहोचले नाही. महिन्याभराने आंटींसमोर जाऊन बसले.

यंदा आमच्या युनिटमधून प्रशिक्षकांच्या कोर्ससाठी एक नाव द्यायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यात चांगला वैमानिक कोण, हे उघड होतं. त्याला बोलावून मी मास्तरांचं सगळं सांगितलं. त्यांना काय मिळालं नाही, तेही.

"मॅडम, तुम्ही केलात हा कोर्स?"

"नाही. माझ्यासाठी त्यांनी शब्द टाकला."

"मग माझ्यासाठी तुम्ही टाका ना," तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कोर्ससाठी त्याचंच नाव पाठवलं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.