कळांवर सांडलेला नारळ

नारळाच्या पाण्याचा गोडसर, ओला वास आला की आजही माझं डोकं तापतं. त्या वर्षी मालवणच्या खाऱ्या हवेने गंजलेला वडिलांचा जुना घरगुती संगणक मी पावसाळाभर खपून सुरू केला होता. सारं यंत्र कळफलकाच्या पोटातच सामावलेलं. त्यांनी तरुणपणी रचून कॅसेटवर साठवलेला होडीचा खेळ तिच्या किरकिरीतून टीव्हीवर उमटला, तेव्हापासून ते पडद्यासमोरून हलेनात. दसऱ्याला यंत्रांची पूजा करायला थोरले काका आले. झेंडू वाहून, हातात नारळ धरून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या यंत्राचो राखणदार हो रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सारं घर गरजलं. "काकानू, पाणी नको, आत वीज आसा!" मी ओरडले. "देवाचा पाणी ता, काय होवचा नाय गो," म्हणत त्यांनी नारळ फोडून त्याचं पाणी थेट कळांवर ओतलं. होडी थरथरली आणि पडदा काळा झाला. वडील थोरल्या भावाला एका शब्दाने बोलले नाहीत, रुमालाने एकेक कळ पुसत राहिले. मला त्यांचाही संताप आला. ते यंत्र पुन्हा उठलं नाही. आज माझ्याकडे तसलीच दोन यंत्रं चालू आहेत. दसऱ्याला त्या खोलीला मी कुलूप घालते आणि किल्ली देवाच्या नावानेही कुणाला देत नाही.