साडूचं हलकं ॲप

जागा अडवणं हे जगातलं सगळ्यात मोठं पाप आहे असं मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. चारकोपला राहतो, मोबाइलची ॲपं बनवतो. चार दिवसांच्या सहलीला जेवणाच्या डब्याएवढी पिशवी घेऊन येतो आणि तिच्यातून टॉवेलसुद्धा काढून दाखवतो. वेफर्सच्या पाकिटाला टाचणी टोचून आधी हवा काढतो, मगच ते पिशवीत जातं. एकदा सासूबाईंची बॅग त्याने भरली, तर कुकरच्या पोटात डबा, डब्यात चष्म्याचं घर आणि चष्म्याच्या काड्यांमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या. हे कौतुक सासूबाई महिनाभर भेटेल त्याला सांगत होत्या. त्याच्या आदल्या दिवाळीत मी त्यांना चाकांची बॅग आणली होती, ती माळ्यावर आहे. मला त्याचा हेवा वाटतो, हे सरळच सांगून टाकतो.

सासूबाईंचं माहेर मनोरीचं. बोरिवलीत बसूनही त्यांचं लक्ष भावाच्या होडीकडे, म्हणून साडूने त्यांच्यासाठी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं ॲप बनवलं. चित्र नाही, गाणं नाही, नुसता कोड. ते स्टोअरवर आलं त्याच आठवड्यात आम्ही तिघं मनोरीला निघालो. भावाला ते दाखवायचं म्हणून सासूबाई सकाळपासून खुशीत होत्या. पलीकडे रेंज मिळत नाही, पण मार्वेच्या जेट्टीवर साडू छातीठोकपणे म्हणाला, की बोट सुटताना बटण दाबा, धक्का यायच्या आत ॲप फोनमध्ये उतरलेलं असेल.

अर्धी खाडी सरली तरी फोनवरचं चक्र जेमतेम पाव भरलं होतं. मी समुद्राकडे बघत होतो, म्हणजे हसू लपवत होतो. साडूने ॲपच्या वजनाचा आकडा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. घरून पाठवलं त्याच्या जवळजवळ दुप्पट भरलं होतं ते. मी अगदी काळजीच्या सुरात विचारलं, की वाटेत याने काही खाल्लं की काय.

"कुलूप घालतात रे," तो म्हणाला. "कोड कुणी चोरू नये म्हणून स्टोअरवाले तो कुलूपबंद करतात. मी पाठवतो तेव्हा सारख्या सारख्या घड्या असतात, दाबल्या की बसतात. कुलूप घालताना त्या सगळ्या विस्कटतात. मग दाबणार काय?"

धक्का आला. आई, राहू द्या, माझंच चुकलं, असं काहीतरी तो पुटपुटला. मी एव्हाना सगळ्यांच्या पिशव्या उचलून उतरलोही होतो. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"जावईबापू, तुम्ही व्हा पुढे," त्या मला म्हणाल्या. "आम्ही एक फेरी मारून येतो. त्याचं उतरू दे."

बोट परत फिरली. लांबून दोघांची डोकी एकाच फोनवर वाकलेली दिसत होती. त्या काहीतरी विचारत होत्या, तो हातवारे करून समजावत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्यासमोर माझं एकही काम कधी फसलेलं नाही. फसलं असतं, तर माझ्यासाठीही त्या अशा बसून राहिल्या असत्या का, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.