एकाच पेटीत सगळ्यांचं सामान

मुलं शाळेत रुळली तशी सुनेने पुन्हा नोकरी धरली, तीही सासूबाईंच्या जिवावर. वेबसाइट बनवण्याची ही नोकरी अजून कच्ची होती. वाट्याला आली होती डोळ्यांच्या दवाखान्याची साइट, एक नंबरची विसराळू. पहिल्या पानावर नाव लिहून दुसऱ्यावर जावं, तर तिथे पुन्हा विचारणार, आपण कोण? सुनेने खपून ती खोड मोडली. उद्या साइट सुरू व्हायची होती. ती नीट चालली तरच नोकरी पक्की.

संध्याकाळी तिने सासूबाई आणि नणंद, दोघींना आपापल्या फोनवर साइट उघडून दिली.

"खरंखोटं काहीही भरा, पण शेवटच्या पानापर्यंत जा."

थोड्या वेळाने नणंद थबकली. "वहिनी, इथे आईचं नाव आलंय. तक्रार, डाव्या डोळ्याने महिनाभर धुरकट दिसतं."

"तुला कुणी वाचायला सांगितलं?" सासूबाईंनी आपला फोन पालथा घातला. "आणि माझं तुझ्याकडे गेलंच कसं?"

सुनेने नणंदेचा फोन घेऊन पाहिला. "सामान ठेवायच्या खिडकीवर बिल्ला देतात ना, तसा साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला नंबर मिळतो. त्या नंबरावर ज्याचं त्याचं सामान वेगळं ठेवायचं, पान बदललं तरी त्यालाच द्यायचं. सेशन म्हणतात त्याला. मी बिल्ले वाटले, पण सामान कोंबलं एकाच पेटीत. एकटीने तपासलं तेव्हा पेटीत माझंच होतं, कळणार कसं?"

"म्हणजे उद्या सगळ्यांची दुखणी चव्हाट्यावर," नणंद म्हणाली.

"आणि मी घरी."

तिने लॅपटॉप ओढला, प्रत्येकाची माहिती त्याच्या त्याच्या सेशनमध्ये हलवली आणि दोघींना पुन्हा भरायला लावलं. आता नणंदेला स्वतःचंच नाव दिसलं. सासूबाईंच्या पानावर मात्र तक्रार होती, 'काही नाही'.

"आई, हे काय?" सुनेने विचारलं.

"खोटं चालेल म्हणालीस ना?"

"महिनाभर बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर रजा काढून बसली असतीस. कच्च्या नोकरीत रजा शोभते का?"

सुनेने लॅपटॉप मिटला. मुलांचे डबे, अभ्यास, आजारपणं या बाईंनी उचलली, वर स्वतःचा डोळा झाकून ठेवला. आणि आता तिची नोकरीही त्यांनीच वाचवली होती. तिने सासूबाईंचा हात नुसता धरून ठेवला.

सकाळी साइट सुरळीत चालू झाल्यावर तिने साहेबांना झाला प्रकार जसाच्या तसा सांगितला आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

दवाखान्याच्या बाकावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "साहेब चिडले?"

"नाही. पक्कं केलं म्हणाले. पुढची साइटही आधी तुम्हालाच दाखवायला सांगितलीय."

"मग डोळा बरा करावाच लागेल," म्हणत त्या उठल्या.