पुदिन्याला पाणी कोण घालतं

माणूस किती सुधारला, हे तो आपल्या घरातल्या थंडीचं काय करतो यावरून ओळखावं, असं आमचे अरबाब म्हणत. अरबाब म्हणजे मालक. उपचारासाठी विलायतेत एक हिवाळा काढून आल्यापासून ते असं म्हणू लागले होते. आखातातल्या देऱ्यात खाडीजवळ त्यांची पेढी होती आणि साठच्या दशकात मी तिथे कारकून होतो. तिथल्या थंडीत आम्ही स्वेटर घालत असू. पण तो मुख्यतः गावाहून आणला होता म्हणून.

घर तापवायची यंत्रणा जहाजाने आली. मागच्या अंगणात रॉकेलवर चालणारा बॉयलर, तिथून जमिनीखालून बैठकीच्या खोलीपर्यंत लोखंडी नळ, खोलीत भिंतीला टेकलेले दोन रेडिएटर, म्हणजे लोखंडी फासळ्यांचे सांगाडेच, आणि या सगळ्यांत पाणी भरलेलं राहावं म्हणून गच्चीवर एक छोटी टाकी. विहिरीचं पाणी खारट, त्याने नळ सडले असते. म्हणून गाढवावरून डब्यांनी येणारं गोडं पाणी, जे आम्ही स्वतः जपून प्यायचो, ते भिंतींना पाजलं गेलं.

आठवड्यात टाकी अर्धी झाली. भरली, पुन्हा उतरली; महिना-दीड महिना हेच चाललं. बॉयलर अजून पेटवलाही नव्हता, त्यामुळे पाणी वाफ होऊन गेलं असं म्हणायची सोय नव्हती.

इंग्रजी वाचता येतं म्हणून यंत्रासोबतचं पुस्तक माझ्याकडे आलं. त्यात सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवला, गंजाचे डाग शोधले, नळांवरून बोटं फिरवली. सगळं कोरडं ठणठणीत. जमिनीखालचा नळ पुरताना नवा कोरा होता, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता.

संशय माणसावर आला. गच्चीची किल्ली स्वयंपाकी चाचांकडे असायची. ते रत्नागिरीकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. घरी मुलीचं लग्न ठरलेलं. मुंबईच्या पुढच्या बोटीने चाचा परत जातील, असं अरबाबांनी ठरवलं. "खलास," ते हळूच म्हणाले. मोठ्याने बोलायची त्यांना कधी गरज पडत नसे.

हे चाचांना सांगायचं काम माझं. ते अंगणात पुदिना खुडत बसले होते. या पुदिन्याची कीर्ती मोठी होती. नळ पुरल्यावर मऊ झालेल्या मातीत चाचांनी सहज खोचलेल्या चार काड्यांचा महिन्याभरात दाट हिरवा पट्टा झाला होता. देऱ्यात हिरवं काही उगवणं ही बातमी असे. अरबाबांनी भोवती कुंपण घातलं होतं. ते पाहुण्यांना मुद्दाम तिथे नेत आणि पाहुणे माशाल्ला म्हणत.

मी सांगितलं. चाचांचा हात थांबला नाही.

"मी पाणी चोरतो? आणि ठेवतो कुठं मुनशी, टोपीत?"

"चाचा, मी नाही म्हणत. अरबाब म्हणतात."

"मग अरबाबाला सांग, आधी या पुदिन्याला पाणी पाजतो त्याला धर. डबाडबा पीत असणार मेला, त्याशिवाय असा माजतो?"

"म्हणजे? तुम्ही नाही घालत पाणी?"

"मी कशाला घालू? वॉचमन घालतो ना."

वॉचमनला विचारलं. त्याला वाटत होतं, चाचा घालतात. अरबाबांना विचारलं, तेव्हा त्यांनी आकाशाकडे बोट केलं.

खणलं. पुदिन्याच्या बरोबर खाली नळाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा सांधा, थेंबथेंब गळत होता. बसवणाऱ्याने आट्यांवर ताग न गुंडाळताच तो आवळला होता. आम्ही ताग आणि सफेद्याचा लेप लावून सगळे सांधे पुन्हा बसवले, आणि पुढे गळलंच तर दिसावं म्हणून नळ जमिनीतून काढून भिंतीवरून नेला. तो कुरूप दिसे. दर शुक्रवारी मी त्याच्या सांध्यांवरून बोट फिरवत असे.

चाचांची माफी कुणी मागितली नाही. अरबाबांनी त्यांना फक्त चहा ठेवायला सांगितलं आणि बोट त्यांच्यावाचून गेली. किल्ली त्यांच्याकडेच राहिली.

पुदिना मात्र मान टाकू लागला. तेव्हा त्याला रोज एक डबा गोडं पाणी घालायचा हुकूम झाला. ते काम चाचांचं.

जानेवारीत मोठे पाहुणे आले आणि बॉयलर समारंभाने पेटवला. नळ कुठेच गळला नाही. थोड्या वेळाने सगळे पाहुणे घाम पुसत उठले, चाचांचा चहा घेऊन अंगणात पुदिन्यापाशी जाऊन बसले, आणि बॉयलर परत कधी पेटवला गेला नाही.