उतरून चढलेला ताप

आमच्या डोंगरातल्या गावात डॉक्टर नाही, मी आहे. आरोग्य केंद्रात एकटी नर्स, एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मालसुक आजीइतकं मला कुणी छळलेलं नाही. वय एक्याऐंशी, जीभ तिखट. हिवाळ्यासाठी घालायच्या किमचीच्या लोणच्याचा कोबी मिठात खारवावा तर तिनंच, असं गाव मानतं आणि तीही मानते. आजार कुठलाही असो, तिचा उपाय एकच: घराची जमीन खालून तापवणारा बॉयलर चढवायचा आणि त्या तापलेल्या जमिनीवर जाड रजई पांघरून अंग शेकत पडायचं.

नोव्हेंबरात तिला फ्लू झाला. ताप एकोणचाळीस सेल्सियस, म्हणजे एकशेदोनच्या वर. मी गोळ्या दिल्या, रजई ओढून काढली, बॉयलर कमी केला.

"आजी, भाजून ताप जात नसतो. तुम्ही काय रताळं आहात?"

"तुझ्या जन्माआधीपासून घाम काढतेय मी. गोळ्या ठेव आणि नीघ."

"ताप तीन-चार दिवस राहील. पाणी पीत राहा. पण उतरलेला ताप पुन्हा चढला, धाप लागली, छातीत दुखलं, डोकं चालेनासं झालं, तर तडक मला फोन. कळलं?"

"ओरडतेस काय? बहिरी नाहीये मी."

रोज जावं तर बॉयलर चढवलेलाच. रोज मी ओरडायचे, रोज ती मला चार शब्द ऐकवायची. माझं डोकं फिरायची वेळ आली होती. चौथ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त हायसं वाटलं.

सहाव्या दिवशी सरपंचांच्या अंगणात किमची घालायला सगळं गाव जमलं. आजीही आली. दरवर्षी ती कोबीचा देठ चावून बघते आणि कुणाची तरी खरडपट्टी काढते. शेजारच्या ओकजानं भीत भीत देठ पुढे केला. आजीनं खाल्ला आणि म्हणाली, "छान झालंय."

"फ्लूनं आजीला माणसात आणलं बायांनो!" ओकजा म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. मग लक्षात आलं, त्या कोबीला अजून मीठच लागलेलं नव्हतं.

"आजी, माझ्याकडे बघा. मी कोण?"

तिला सांगता येईना. ओठ निळसर, मिनिटाला बत्तीस श्वास, ताप पुन्हा साडेएकोणचाळीस. मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात न्यूमोनिया निघाला. चार दिवस ती वाचते की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. पाचव्या दिवशी तिच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढला, तेव्हा मी शेजारीच उभी होते. मला राहवेना.

"ताप परत कधी चढला होता?"

"किमचीच्या आदल्या दिवशी. दुपारी."

"मग फोन का नाही केलात? शंभरदा बजावलं होतं ना मी!"

तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"नंबर लावला होता गं. दोनदा. मग तुझा आवाज आठवला, आणि ठेवून दिला."