शेवंती, स्कूटर आणि सीनेचा चढ

दुष्काळाच्या वर्षी आमच्या विहिरीचा तळ दिसला. तळाच्या चिखलात एक गंजलेली बादली आडवी पडली होती. अव्वा, म्हणजे आमची आई, काठावर वाकून म्हणाली, "ही माझी की! लग्नाच्या वर्षी पडलेली." आणि हसली. त्या वर्षी ती हसलेली मला तेवढीच आठवते.

मंद्रूपच्या अलीकडे, सडकेपासून आत आमची वस्ती. घरात कानडी, दारात मराठी. ज्वारी गेली, कडबा गेला, बैल मामाकडे पाठवले. चार वाफे शेवंती तेवढी राहिली, ती अव्वाने घागरीने पाणी आणून जगवली म्हणून. थोरल्या भावाची, अण्णाची, शाळा त्याच वर्षी सुटली. माझी सुटली नाही, कारण शाळेत सुकडी मिळायची आणि घरातलं एक तोंड दुपारपुरतं कमी व्हायचं. माझ्या शिक्षणाचा पाया सुकडीचा आहे, हे मी कुणालाही सांगते. त्यात लाजायचं काय?

पुढे पाऊस झाला, वाफे वाढले. अप्पा, माझे वडील, सायकलला पुढे-मागे पाट्या बांधून शेवंती सोलापूरच्या फुलबाजारात न्यायचे. अंधारात निघायचे, पोहोचेपर्यंत ऊन अंगावर यायचं. फुलं मलूल होऊ नयेत म्हणून निघताना पाट्यांवर घागरभर पाणी शिंपायचं आणि वरून ओलं गोणपाट दाबायचं. आमच्याकडची सगळीच फुलंवाली मंडळी असंच करायची. बाजारातला दलाल काट्यावर पाटी टांगायचा, वजन बघायचा आणि अंदाजाने ओरडायचा, "पाणी गेलं सहा!" म्हणजे पाण्याचे सहा किलो वजा. उरलं ते फुलाचं. यावर कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. पाणी आम्ही घालायचं, त्यांनी ते वजा करायचं, असा रिवाजच होता.

मॅट्रिक झाले आणि मी हट्टाने सायन्सला गेले. कॉलेज सोलापुरात, प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला. आमच्या फाट्यावर पहिली एसटी यायची तीच मुळी सातनंतर, आणि तीही तिच्या मर्जीने. प्रयोगशाळेचं दार साडेसातला बंद व्हायचं. मी बाहेरच्या बाकावर बसून आतल्या काचेच्या नळ्यांचा किणकिणाट ऐकायची. पोरीला शहरात ठेवायला अप्पा तयार नव्हते. "नातेवाईकाच्या दारात चार दिवस पाव्हणी, पाचव्या दिवशी मोलकरीण," ते म्हणायचे. त्यांचं खोटं नव्हतं.

शेवटच्या वर्षाला सरांनी बोलावून सांगितलं, "प्रॅक्टिकलची हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही." घरी येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. अप्पा बराच वेळ पायाची टाच खरवडत बसले. मग म्हणाले, "दिवाळीपतुर बघू. येळेवर पोचलीस तर शीक. न्हायतर इज्जतीत घरी बस. बाकावर बसायला कॉलेज कशाला पायजे?"

अण्णाने स्कूटर आणली ती याच सुमारास. शिंगणापूरच्या डोंगराकडे कामावर असलेल्या एका ओव्हरसियरची जुनी, लहानखुरी, फिकट हिरवी स्कूटर. पुढे-मागे दोन सुट्या सीटा, मागच्या सीटखालचं स्प्रिंग इतकं बसलेलं की खड्डा आला की माझे दात वाजायचे. अण्णाने ठरवलं, एक पाटी पायांच्या मध्ये, एक मागच्या कॅरिअरवर, मध्ये मी पुस्तकं मांडीवर घेऊन. आधी बाजार, मग कॉलेज. अप्पांनी तोडणी संपवून घरीच थांबायचं.

बेत छान होता, पण स्कूटर पळेना. इंजिन असं किंचाळायचं की वस्तीवरची कुत्री पळत सुटायची, आणि वेग मात्र सायकलीहून थोडा बरा. वाटेतला मळेवाला बांधावर उभा राहून विचारायचा, "अवो, उतरून ढकला की! लवकर जाशीला."

"गप ए," अण्णा ओरडायचा, "रनिंगमध्ये हाय अजून!"

"माझी म्हस बी रनिंगमध्येच हाय!"

बाजारात लिलाव निम्मा उरकलेला आणि कॉलेजात दार लागलेलं. पहिला आठवडा असाच गेला.

मग एका रविवारी अण्णाने गोठ्यात पोतं अंथरलं आणि स्कूटर आडवी केली. विहिरीवरचं ऑइल इंजिन तो एकटा उघडायचा, त्यामुळे हात धीट होता. बाजूचं झाकण काढलं तर आत साखळी, साखळीच्या पुढच्या टोकाला लहान दातेरी चाक, मागे मोठं. क्लचच्या प्लेटा घासून गुळगुळीत. "हे बघ," तो म्हणाला, "म्हणून वरडती पण पळत न्हाय. ताकद हितंच सटकती."

प्लेटांचं मला कळलं नाही, पण दात मला मोजता येत होते. मागच्या चाकाचे दात भागिले पुढच्या चाकाचे दात. हे मी फळ्यावर पाहिलं होतं, वहीत लिहिलं होतं आणि ते गोठ्यात, शेणाच्या वासात, ग्रीसने माखलेलं प्रत्यक्ष दिसेल असं कधी वाटलं नव्हतं. ओव्हरसियरने डोंगर चढायला म्हणून पुढचं चाक मुद्दाम लहान बसवलेलं असणार. चढाला ताकद भरपूर, पण सपाटीवर इंजिन धापा टाकणार. "पुढचं मोठं घातलं तर पळेल," मी म्हणाले, "पण चढाला ओढ कमी पडेल. किती मोठं घालायचं ते वजनावर आहे."

अण्णाने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "तंगी, कॉलेजात हे बी शिकवतेत व्हय?" आमच्यात धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. त्या दिवशी त्याने ती हाक जरा वेगळ्या सुरात मारली. अजून कानात आहे.

अप्पा दारात होते. मी विचारलं, "अप्पा, दोन्ही पाट्यांचं मिळून वजन किती?"

"पंचवीस किलो. चांगल्या दिवशी."

पंचवीस धरून मी गणित केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापुरात जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे चाचा म्हणायचे. नट-बोल्टांच्या ढिगात मांडी घालून बसलेला.

"इत्ता बडा चाक कायकू होना रे? फुलां लेके पूना जाता क्या?"

"बहिणीला कॉलेजात सोडायचंय, चाचा."

चाचाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. काढून ठेवलेलं चाक परत डब्यात टाकलं आणि दुसऱ्या डब्यात हात घातला. "पढनेवाली के वास्ते है तो घिसा हुआ नई देता."

नवीन प्लेटा, जरा कडक स्प्रिंगा, पुढचं मोठं चाक आणि साखळीत एक वाढीव कडी. अण्णाने तीन दिवस जीव लावून बसवलं. मग अव्वाच्या कणगीतली ज्वारी पंचवीस किलो मोजून पोत्यात भरली, पोतं बांधलं, मी मागे बसले, आणि आम्ही सडकेला लागलो.

काय पळाली! क्लच सोडला तसा मानेला हिसका बसला, पुस्तकं नव्हती म्हणून बरं, पदर तोंडावर. गिअर पडत गेले तसं किंचाळणं थांबून खालच्या सुरातली घरघर सुरू झाली. सीना नदीच्या पुलावरून गेलो, पलीकडचा लांब चढ चढलो, आणि ती कुरकुरलीसुद्धा नाही. परत येताना बांधावरच्या मळेवाल्याने तोंड उघडलं, पण त्याचं वाक्य ऐकायला आम्ही तिथे नव्हतो. अण्णा पुढून ओरडत होता, "पिकअप बघ! पिकअप बघ!" मला वाऱ्यात रडू का हसू कळत नव्हतं. इतकी वर्षं झाली, पुढे गाड्याही कितीतरी पाहिल्या, पण ती सडक मला पुन्हा कधी तितकी मोकळी दिसली नाही.

पहाटे खऱ्या पाट्या लागल्या. पुलापर्यंत सगळं ठीक. चढाला लागलो, अण्णाने गिअर उतरवला, अजून उतरवला, शेवटी पहिला टाकला. इंजिनाने एक उचकी दिली आणि बंद. जळक्या क्लचचा वास नाकात. पुन्हा किक, पुन्हा चार हात, पुन्हा बंद. मी उतरून मागून ढकलू लागले. गोणपाटाचं गार पाणी माझ्या कोपरावरून खाली गळत होतं. शेजारून बैलगाडी गेली. गाडीवान म्हणाला, "काय पाव्हणं, इस्रांती व्हय?" अण्णा मान खाली घालून पुन्हा किक मारू लागला. एरवी त्याने गाडीवानाला सोडलं नसतं.

तोच चढ, तीच माणसं, तेवढंच वजन. माझं गणित चुकलं असेल असं मला वाटेना, आणि दुसरं काय चुकलं तेही दिसेना. अण्णा म्हणाला, "जुनं चाक बसवतो परत. बाजार तरी गाठू." माझ्या कॉलेजाचं तो बोलला नाही, पण जुनं चाक म्हणजे बाहेरचा बाक, हे दोघांनाही ठाऊक होतं.

प्रॅक्टिकल गेलंच होतं, म्हणून त्या दिवशी मीही बाजारात काट्याजवळ उभी राहिले. दलालाने पहिली पाटी टांगली. काटा वीसच्याही पुढे गेला. "पाणी गेलं सात!" त्याने दुसरी टांगली. काटा तितकाच खाली. "पाणी गेलं सात!" आणि बेरीज सांगितली ती पंचविसाच्या थोडी वर.

मी अण्णाचा हात धरला. "अण्णा, स्कूटरला पाणी वजा कोण करतंय?"

संध्याकाळी अप्पांना विचारलं तर ते चकित. "तू फुलाचं वजन इचारलंस, म्या फुलाचं सांगितलं. पाण्याचं वजन कोण सांगतंय? आयुष्यात कुनी इचारलं न्हाय." खरंच होतं. त्यांच्या लेखी पाण्याला वजनच नव्हतं. बाजारात ते नेहमी वजाच व्हायचं.

"मग पाणीच नको," मी म्हणाले. "पाणी सायकलीसाठी होतं, अप्पा. उन्हात तासन् तास जायचं म्हणून. आता ऊन यायच्या आत पोचतो."

अप्पा उठून उभेच राहिले. "कोरडी फुलं? बाजारात कोरडी फुलं घेऊन जायाची? माझ्या बापानं कधी नेली न्हाईत. लोक म्हनतील, ह्याच्या घरात पानी शिंपायला मानूस न्हाय. न्हायतर म्हनतील, कालची हाईत."

"मग मी बसू का बाकावर?"

चुलीपुढून अव्वाचा आवाज आला. "माझी भाकरी रानात दुपारपतुर मऊ ऱ्हाती. म्या काय पानी शिंपती तिच्यावर?" तिने मान वळवली नाही. "एरंडाच्या पानात गुंडाळती. फुलं काय भाकरीपेक्षा शानी हाईत व्हय?"

अप्पा बसले. मग हळूच म्हणाले, "एक दिस. एकच दिस बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे अव्वाने पाट्यांना आतून एरंडाची ताजी पानं लावली, त्यात शेवंती भरली, वर पुन्हा पानं आणि कोरडं फडकं. अप्पा आमच्या चांगले तासभर आधी सायकल काढून निघाले. आज पाट्या नव्हत्या, सायकल मोकळीच. अण्णा म्हणाला, "तुमी कशाला, अप्पा?"

"मी आदी जाऊन उभा ऱ्हातो. कोरडी फुलं बघून कोन हासलं तर मला हासूदे. तुमास्नी नको."

पुलाजवळ अजून गारवा होता. अण्णाने आधीच वेग घेतला, चढाला लागताना एक गिअर उतरवला, फक्त एक. स्कूटर जरा दबली, घरघर जाड झाली आणि ती चढत राहिली. वर पोहोचल्यावर अण्णा ओरडला नाही. त्याने फक्त एका हाताने हँडलवर थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसं.

बाजारात लिलाव सुरूही झाला नव्हता. अप्पा काट्याशेजारी उभे, टोपी हातात. दलालाने सवयीने पाटी टांगली आणि ओरडायला तोंड उघडलं, मग थांबला. पाटीत कोपरापर्यंत हात घातला. हात कोरडाच बाहेर आला.

"अप्पा, पानी इकायचं बंद केलं व्हय?"

बाजार हसला. अप्पांच्या हातातली टोपी चुरगळली गेली. दलालाने तळातली मूठभर शेवंती वर काढून उजेडात धरली. ओल्या पाटीत तळाची फुलं नेहमी काळवंडायची. ही पांढरीशुभ्र होती, देठासकट. त्याने ती शेजारच्या हारवाल्याला दाखवली. हारवाल्याने वास घेतला, पाकळी दाबून बघितली आणि म्हणाला, "ह्या दोनी माझ्या. लिलाव नको."

मला वाटलं, अप्पा आता काहीतरी बोलतील. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली, माझ्याकडे वळले आणि खेकसले, "हितं काय बघत उभी ऱ्हायलीस? जा की! दार लागंल तुझं."

मी पोहोचले तेव्हा शिपाई कुलूप काढत होता. माझ्या साडीला पेट्रोल आणि शेवंती, दोन्हींचा वास येत होता. पुढे वर्षभर तो तसाच येत राहिला. सोबतच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. लावू देत.

दिवाळीनंतर अप्पांनी पुन्हा विषय काढला नाही. मोठं चाक शेवटपर्यंत निघालं नाही. त्या हंगामात आमच्या शेजारच्या दोन वस्त्यांवरही एरंडाची पानं तोडली जाऊ लागली, आणि मळेवाला एकदा स्वतः हात करून थांबवून म्हणाला, "अण्णा, माझ्या फटफटीत बी काय बघतूस का?"

माझी हजेरी भरली. मी परीक्षेला बसले आणि बी.एस्सी. पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली.