कंट्रोलवरचं बोट

भाऊंना हाक मारली की ते आधी एस्केपची कळ दाबायचे आणि मगच मान वळवायचे. "थांब गा, बाहीर येऊ दे मले." बाहेर म्हणजे संगणकावरच्या व्हीआय नावाच्या एडिटरमधल्या लिहिण्यातून बाहेर. त्यात एस्केप दाबलं की पुढची साधी अक्षरं हुकूम होतात. डी दोनदा दाबला की अख्खी ओळ गायब. चहाचा कप उचलण्याआधीसुद्धा त्यांचं बोट एस्केपवर जाऊन यायचं.

चंद्रपुरातल्या आमच्या कचेरीत संगणकाच्या खोलीला देवघराचा मान होता. चपला दाराबाहेर काढायच्या, बोलायचं हळू. उन्हाळ्यात सगळ्या कारकुनांना त्या थंड खोलीत काही ना काही काम निघायचं. प्रोग्रॅम लिहायला मात्र आम्ही दोघंच. ते कुरखेड्याकडचे, माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो. लहानपणीच्या तापात त्यांचा डावा हात गेला होता. तो मांडीवर पडून असायचा, आणि त्याच्याबद्दल ते कधी बोलत नसत.

मी नागपूरला वर्डस्टार नावाचा दुसरा एडिटर शिकून आलेलो. त्यामुळे भांडण रोजचंच.

"भाऊ, वर्डस्टारमंदी आत-बाहीरचं लफडंच नाई. सरळ लिहीत जा."

"अन् फाईल डीनं उघडली तं? सारा प्रोग्रॅम सडते."

हे खरं होतं. पत्रासाठी डी, प्रोग्रॅमसाठी एन. घाईत डी दाबला की अक्षरांत भलतंच काही घुसायचं आणि प्रोग्रॅम चालायचा नाही. ही चूक करणारा मीच, आणि पोट धरून हसणारे ते.

"जतन कराले कंट्रोल, के अन् एस! तीन कळा. माह्याकडं कोलन-डब्ल्यू, झालं काम." एंटर धरला तर त्यांच्याही तीनच व्हायच्या, पण ते ऐकतात कुठले!

मग जुनं यंत्र गेलं आणि पीसी आले. व्हीआय गेला, वर्डस्टार आलं. भांडण मी जिंकलो होतो.

तुम्ही ते जुने कळफलक पाहिले असतील तर आठवेल, कंट्रोलची कळ एकच होती आणि तीही डाव्या टोकाला. भाऊ उजव्या हाताचा अंगठा कंट्रोलवर टेकवून करंगळी केपर्यंत ताणायचे. दुपारपर्यंत मनगट सुजायचं. पीसीच्या डॉसबरोबर फुकट आलेलं एडलिन नावाचं एडिटरही त्यांनी वापरून पाहिलं, पण ते एकेका ओळीशीच बोलणार. लांब प्रोग्रॅमला त्यात दिवस पुरेना. शिवाय जुनी सवय सुटेना. त्यांच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी कोलन-डब्ल्यू टाइप झालेलं असायचं. ते गुपचूप खोडायचे. आता मी हसत नव्हतो.

साहेबांनी भाऊंना स्पष्ट सांगितलं, "महिनाअखेर बघू. नाही जमलं तर टपालाच्या टेबलावर जावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला सरकवली आणि कंट्रोलवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"धर गा," ते म्हणाले. मी दाबलं, त्यांनी के दाबला. "सोड."

तेव्हापासून तसंच चाललं. धर, सोड. प्रोग्रॅम वेळेवर होऊ लागले.

"आता व्हीआयपेक्षा बरं हाय ना, भाऊ?"

"नाई. पन चालून राह्यलं."

एकदा साहेब दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. "एका कामाला दोन माणसं?" एवढंच म्हणाले, तेही रागावून नाही.

भाऊंच्या बदलीचा हुकूम आला तो इथल्या टपालाच्या टेबलाचा नव्हता, थेट कुरखेड्याचा होता. दाराबाहेर चपला घालताना भाऊ म्हणाले, "बरं झालं. घर जवळ पडते." मी "हो" म्हणालो. मला काहीच वाटलं नाही. वाईट नाही, रागही नाही. आत सगळं बधिर होऊन गेलं होतं, आणि पुढे कितीतरी दिवस ते तसंच राहिलं.

भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीसी लावला. एन दाबून फाईल उघडली, चार ओळी लिहिल्या आणि जतन करायला कंट्रोल दाबून बसलो. केची वाट बघत तसाच बसून राहिलो.

"काय झालं? यंत्र अडकलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाई, साहेब," मी म्हणालो, आणि मांडीवर पडलेला उजवा हात उचलला.